यादीत एक, दर्यात दोन

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, अलिबाग तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीच्या भोंग्यावरून घोषणा झाली : आपल्या गावच्या सगळ्या बोटी परत आल्या आहेत. वादळाचा इशारा आदल्या संध्याकाळी आला होता. घोषणा झाली तेव्हा गावची एक बोट समुद्रात होती आणि तिच्यावर पाच माणसं होती.

घोषणेला आधार होता संगणकावरच्या यादीचा. ती यादी देणारा प्रोग्राम मी लिहिला होता.

गावाचं आणि माणसांचं खरं नाव इथे दिलेलं नाही. बोटीचं नाव मात्र आहे ते आहे. ते बदलू नये, अशी तिच्या मालकांची अट होती. वेळा माझ्या त्या दिवसाच्या वहीतून घेतल्या आहेत.

जिल्ह्यातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षं उपसंपादक होते. निवडणुकीच्या निकालांचे तक्ते संगणकावर करायला लागले तेव्हा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले. दैनिकाची आवृत्ती बंद झाल्यावर तोच व्यवसाय झाला. रेवसपासून दिवेआगरपर्यंत ज्यांच्याकडे काही ना काही याद्या असतात आणि त्या जुळत नसतात, अशी माणसं माझी गिऱ्हाइकं. मोठ्या कंपन्या माझ्याकडे येत नाहीत. मीही त्यांच्याकडे जात नाही.

या कामात दोन गोष्टी रोज लागतात. त्यांची नावं डिक्शनरी आणि सेट. बाहेरच्या माणसाला त्या समजायला अवघड नाहीत.

आमच्या दैनिकात कात्रणांचं कपाट होतं. प्रत्येक पाकिटावर एक नाव. नाव सांगितलं की ग्रंथपाल पाकीट काढून देत असे. डिक्शनरी म्हणजे तेच कपाट. पाकिटावरच्या नावाला 'की' म्हणतात, म्हणजे चावी. आत जे असतं ती किंमत. चावी दिली की दहा हजार पाकिटांतूनही हवं ते क्षणात हाती येतं. फरक एकच आहे. आमचे ग्रंथपाल त्याच नावाचं दुसरं पाकीट आलं तर मान वर करून विचारत, "हे तेच गृहस्थ, की दुसरे?" डिक्शनरी विचारत नाही. ती जुन्या पाकिटातला मजकूर फेकून देते आणि नवा ठेवते. हा दोष नव्हे, तिचा नियमच आहे. पहिल्या धड्यात शिकवतात.

सेट त्याहून साधा. एखादी गोष्ट आत आहे की नाही, एवढंच तो लक्षात ठेवतो. किती वेळा आली आणि कोणत्या क्रमाने आली, हे विसरतो. किहीमला पर्यटकांच्या तीन कॉटेजना डबे पुरवणाऱ्या एका बाईंना मी बाजाराच्या यादीचा प्रोग्राम करून दिला होता. तिन्ही ठिकाणच्या मागण्या मी एका सेटमध्ये ओतल्या आणि मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"तीन ठिकाणी सोलकढी आहे. तुमच्या यादीत नारळ एकदाच आहे. एका नारळात मी तिघांना काय पाजू, मॅडम, समुद्राचं पाणी?"

तो प्रोग्राम मी अर्ध्या तासात बदलला. पुढे कितीतरी दिवस हा किस्सा मी सेट समजावताना सांगत असे.

दिवेआगरच्या अण्णांचाही सांगत असे. २०२०च्या वादळात त्यांच्या वाडीतली निम्मे माड आणि बऱ्याच पोफळी आडव्या झाल्या. उभ्या-पडलेल्या सगळ्या झाडांच्या बुंध्यांवर त्यांनी डांबराने क्रमांक घातले आणि मला प्रत्येक झाडाची नोंद करायला सांगितली. चावी म्हणजे झाडाचा क्रमांक. आत झाडाचं वय, फळ, रोग. पडलेल्या झाडांच्या नोंदी काढून टाकू का, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "पडलं म्हणून काय झालं? ते इथं नव्हतं काय? राहू दे." मी राहू दिलं. पुढे अण्णांनी पडलेल्या माडाच्या जागी रोप लावलं आणि त्याला जुनाच क्रमांक दिला, कारण जागा तीच होती. चाळीस वर्षांच्या माडाची नोंद रोपाच्या नोंदीखाली गेली. अण्णा तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणजे डिक्शनरी काय करते, हे मला एका गिऱ्हाइकाने दाखवलं होतं. सेट काय करतो, हे दुसऱ्याने. दोन्ही वेळा नुकसान नारळाचं होतं, म्हणून मी ते गंमत म्हणून सांगत राहिले.

सोसायटीचं काम मला मिळालं ते त्यानंतर. तिथे समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक बोटीची नोंद एका जाडजूड रजिस्टरात होत असे. सेक्रेटरी दामूभाऊ ती स्वतः करत. वादळाचा इशारा आला की बोटी सापडेल त्या खाडीत शिरतात. काही गावाच्या जेट्टीवर येतात, काही रेवसला, काही पार दिघीला. प्रत्येकीचा फोन किंवा निरोप येतो आणि सेक्रेटरी रजिस्टरात खूण करतात. किती गेल्या, किती आल्या, कोण राहिलं, हे शोधायला पानं मागे-पुढे करावी लागतात आणि तेवढ्या वेळात जेट्टीवर गर्दी जमते.

मी दिलेला प्रोग्राम सोपा होता. एक डिक्शनरी : चावी बोटीचं नाव, आत तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, खलाशी, फोन, निघण्याची वेळ. एक सेट गेलेल्या बोटींचा. दुसरा सेट आलेल्यांचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात त्या समुद्रात राहिलेल्या बोटी. काही उरलं नाही तर पडद्यावर हिरवी पट्टी : 'सर्व बोटी परत.'

चावीसाठी बोटीचा नोंदणी क्रमांक घ्यायला हवा होता. तो प्रत्येक बोटीवर रंगवलेला असतो, सरकारदरबारी असतो, आणि तो दोन बोटींचा कधीच एक नसतो. पण तो लांब असतो आणि कोळीवाड्यात तो कुणाच्या तोंडात नसतो. फोनवर तांडेल सांगतो, 'अमुक बोट आयली.' दामूभाऊ म्हणाले, "नंबर विचारत बसलो तर फोन ठेवतील, मॅडम. नाव बरं." मी नाव घेतलं. गावात कुठल्या दोन बोटींचं नाव एकच आहे का, हे विचारलं नाही. ज्या बोटी तेव्हा पाण्यात होत्या त्यांची नावं तपासली. सगळी वेगळी होती. तेवढ्यावर भागवलं.

वर्तमानपत्रात मी नवख्यांना शिकवत असे, की बातमीत नुसतं नाव द्यायचं नाही. नाव, वय, गाव. एका नावाची माणसं असतातच. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलांना जे मी रोज सांगत होते, ते प्रोग्राम लिहिताना मला आठवलं नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. हंगाम सुरू झाल्यावर महिनाभराने रजिस्टर बंद करायचा सल्ला मीच दिला. दोन ठिकाणी लिहिलं की दोन ठिकाणी चुका होतात, असं माझं म्हणणं होतं. दामूभाऊंनी रजिस्टर कपाटात ठेवलं.

त्या बुधवारी सकाळपासून मी सोसायटीच्या कचेरीत होते. नव्या प्रोग्रामची पहिली परीक्षा होती. दर थोड्या वेळाने फोन वाजत होता, दामूभाऊ नाव मोठ्याने सांगत होते, मी बटण दाबत होते, आणि पडद्यावरची उरलेल्यांची यादी आखूड होत होती. बारा वाजता सात नावं होती. एक वाजता तीन. दोन वाजून सात मिनिटांनी रेवसहून शेवटचा फोन आला आणि पट्टी हिरवी झाली. दामूभाऊंनी भोंग्यावर घोषणा केली. दोन वाजून बारा मिनिटांनी त्यांनी किनाऱ्याच्या नियंत्रण कक्षाला कळवलं, की आमच्या सगळ्या बोटी सुखरूप. कक्षाने आमचं गाव त्यांच्या यादीतून काढलं.

दोन पंचवीसला गुलाबबाई आल्या. वय पन्नाशीचं. जेट्टीवर मासळी विकतात. हातातली टोपली त्यांनी दारात ठेवली.

"भोंग्यावर कोन बोलला?"

"मी बोललो, वहिनी," दामूभाऊ म्हणाले.

"सगल्या आयल्या म्हनालास?"

"आल्या ना. लिस्ट कोरी झाली."

"आमची न्हाय आयली."

दामूभाऊंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही बघा. जलराणी. बारा वाजता आपल्या जेट्टीला."

"ती धाकल्याची. ती मना जेट्टीवर दिसतेय. आमची कुठं हाय?"

"लिस्टला एकच जलराणी आहे, वहिनी."

"लिस्टला एक असंल," गुलाबबाई म्हणाल्या. "दर्यात दोन हायेत."

कचेरीत बसलेल्यांपैकी एक जण हसला. त्या त्याच्याकडे वळल्या. "दात काय दाखवतोस? मोज जाऊन जेट्टीवर."

जलराणी ही मूळ एकाच घरची बोट. सहा वर्षांपूर्वी गुलाबबाईंचे यजमान हिराजी आणि धाकटा पद्माकर हे भाऊ वेगळे झाले. घर वाटलं, जाळी वाटली, जुनी बोट मोडीत काढली. नाव वाटता येत नव्हतं. वडिलांच्या बोटीचं नाव सोडायचं म्हणजे बोटीच्या मागे उभी असलेली देवी सोडायची, असं या वाड्यात मानतात. म्हणून वेगळे झालेले भाऊ दोघेही तेच नाव लावतात. रजिस्टरात दामूभाऊ 'ज. थोरली' आणि 'ज. धाकटी' असं लिहीत. ते हाताला इतकं सवयीचं होतं, की त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. हिराजींची बोट त्या आधीचं वर्षभर फळ्या बदलण्यासाठी किनाऱ्यावर चढवलेली होती. मी नावं तपासली तेव्हा ती पाण्यात नव्हती.

मी नोंदींच्या वेळा पाहिल्या. सोमवारी सकाळी जलराणीची नोंद झाली होती : तांडेल हिराजी, चार खलाशी. मंगळवारी सकाळी दामूभाऊंनी पुन्हा जलराणी टाइप केलं : तांडेल पद्माकर. डिक्शनरीने जुना मजकूर काढला आणि नवा ठेवला. कुठेही लाल अक्षर उमटलं नाही. पाच माणसांची नोंद मंगळवारीच पुसली गेली होती. सेटमध्ये तर तो शब्द आधीपासून होताच. दुसऱ्यांदा आल्याने काही फरक पडला नाही. बुधवारी धाकटी आली, शब्द वजा झाला, काही उरलं नाही.

हे मला कळायला दोन मिनिटं लागली. गुलाबबाई उभ्याच होत्या.

"बाय, काय दिसलं?" त्यांनी मला विचारलं.

"तुमचं बरोबर आहे. यादी चुकली आहे."

"यादीचं र्‍हाऊ दे. मानसं कुठं हायेत?"

दोन चाळीसला मी नियंत्रण कक्षाला फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमच्याच सोसायटीचा मेसेज आहे. सर्व परत."

"तो मेसेज चुकीचा होता."

"बोटीचं नाव जलराणी? आमच्याकडे जलराणी परत आहे. बारा वाजता."

"ती दुसरी जलराणी."

"म्हणजे नाव तेच, गाव तेच?"

"हो."

"मग नोंदणी क्रमांक द्या. त्याशिवाय मी बाहेर कुणाला कळवू? ज्याला कळवीन तो हेच म्हणेल, की जलराणी परत आली."

ते बरोबर बोलत होते. क्रमांक माझ्या प्रोग्राममध्ये नव्हता, कारण मी त्याला जागाच ठेवली नव्हती. कागदपत्रं बोटीवर होती. दामूभाऊ कपाटातल्या फायली उपसायला लागले. गुलाबबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. नारळी पौर्णिमेला फळ्या बदललेली बोट पुन्हा पाण्यात उतरवली तेव्हाचा फोटो. नवा रंग, झेंडूच्या माळा, पुढे ओळीने उभे राहिलेले खलाशी. माळेच्या खाली क्रमांक होता. शेवटचे दोन आकडे एका खलाशाच्या खांद्यामागे गेले होते.

"दुसरा फोटो आहे?"

"हाय. माझी बहीन हाय त्यात, पन बोट दिसतेय."

दुसऱ्या फोटोत शेवटचे आकडे दिसले. दोन त्रेपन्नला क्रमांक कक्षाला दिला. त्यांनी पाचही जणांची नावं विचारली. ती गुलाबबाईंनी सांगितली, प्रत्येकाचं घर कुठल्या गल्लीत आहे तेही सांगितलं. मी कागदावर लिहून घेतली.

"कुठल्या बाजूला गेली होती?" कक्षाने विचारलं.

"खालच्या अंगाला. मुरुडच्या पुढं," गुलाबबाई म्हणाल्या. त्याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं.

एवढ्या माहितीवर शोध कुठून सुरू करणार, हा प्रश्न कक्षाने विचारला नाही, पण तो होता. गुलाबबाई फोन संपायची वाट न बघता जेट्टीकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. पद्माकर त्याच्या बोटीला जादा दोर बांधत होता. भाऊ वेगळे झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

गुलाबबाई धक्क्याच्या कडेला उभ्या राहिल्या. "पद्मा, तुजा भाव दर्यात हाय."

तो थांबला. "भोंगा तर वाजला."

"भोंगा तुजा वाजला. त्याचा न्हाय."

"कंच्या अंगाला गेला?"

"खाली."

दोर अर्धवट सोडून तो बोटीत चढला आणि वायरलेस लावला. खालच्या बाजूला थांबलेल्या बोटींना तो एकेक करून हाका मारत होता. प्रत्येकाकडून एकच उत्तर येत होतं : जलराणी ना, ती तर आली, तूच ना तो? पद्माकर दर वेळी तेच सांगत होता. "मी धाकला. थोरल्याची इचारतोय. थोरल्याची."

तीन वाजून अठरा मिनिटांनी दिघीच्या खाडीत थांबलेल्या एका तांडेलाने सांगितलं, की थोरल्याची बोट त्याला सकाळी नऊच्या सुमाराला दिसली होती. इंजिन बंद होतं. नांगर टाकला होता. 'करतोय दुरुस्त, तुमी व्हा पुढं,' असं हिराजी म्हणाला होता. जागा त्याने सांगितली. ती मी कक्षाला कळवली.

"आता जमेल," पलीकडचे अधिकारी म्हणाले.

संध्याकाळी सहा वाजायला दहा मिनिटं असताना गस्तीच्या बोटीने जलराणीला दोर लावला. इंजिन सुरू झालंच नव्हतं आणि बॅटरी उतरल्यामुळे वायरलेसही बंद पडला होता. नांगर घसरून बोट बरीच बाहेर गेली होती. पाचही जण जिवंत होते. हिराजींचा डावा हात मनगटाच्या वर मोडला होता. वारा खरा वाढला तो त्यानंतर.

घोषणेपासून योग्य जागा कक्षाला कळेपर्यंत एक तास आणि काही मिनिटं गेली. त्यातली किती माझी, याचा हिशोब मी केला आहे. तो इथे देत नाही, कारण त्यात बचावाचा वास येतो.

पुढच्या रविवारी दुपारी सोसायटीची बैठक झाली. विषय दोन होते. पहिला, मत्स्यव्यवसाय खात्याला द्यायचा खुलासा. अध्यक्षांनी तयार केलेल्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे एका बोटीची नोंद वगळली गेली.' खाली माझ्या सहीसाठी जागा होती.

"बिघाड झालेला नाही," मी म्हणाले.

"मॅडम, अशीच भाषा असते. खात्याला तीच कळते."

"प्रोग्रामला जे करायला सांगितलं होतं तेच त्याने केलं. सांगितलं मी. तसं लिहा."

"तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे. वर्तमानपत्रात चूक झाली की तिथल्याच पानावर दुरुस्ती छापतात. 'छपाईयंत्राचा बिघाड' असं कुणी छापत नाही."

"इथं वर्तमानपत्र नाही."

"सही पण नाही."

मी तो कागद परत दिला आणि दुसरा लिहून दिला. त्यात तीन वाक्यं होती. बोटीचं नाव हीच चावी धरणं ही चूक होती. ती मी केली. रजिस्टर बंद करण्याचा सल्लाही माझा होता. खाली सही केली. अध्यक्षांना तो पाठवायचा नव्हता, दामूभाऊंनी पाठवला. ते नंतर म्हणाले, "मीपण चौथं वाक्य घालणार होतो. पण तुमच्या तीन वाक्यांनंतर माझं एक म्हणजे लग्नात उशिरा आल्यासारखं." त्यांनी ते वाक्य तरीही घातलं होतं, हे मला खात्याची पोच आल्यावर समजलं.

दुसरा विषय अधिक कठीण निघाला. अध्यक्षांनी ठराव मांडला, की पुन्हा घोळ नको म्हणून दोनपैकी एका बोटीचं नाव 'जलराणी-दोन' करावं. न केल्यास सोसायटी त्या बोटीची नोंद घेणार नाही. नोंद नाही म्हणजे समुद्र नाही. आणि ही अट प्रोग्राममध्येच घालावी, म्हणजे वाद नको.

"दोन कोनी लावायचा?" पद्माकरने विचारलं. तो डावीकडच्या भिंतीला टेकून बसला होता.

"धाकट्याने लावावा. तीच रीत आहे."

"मी न्हाय लावनार."

हिराजी उजवीकडच्या भिंतीला होते, हात गळ्यात बांधलेला. "मी पन न्हाय," ते म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "सहा वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, पेढे वाटा." बैठक हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

गुलाबबाई दाराशी उभ्या होत्या. त्या सभासद नाहीत, हिराजी आहेत. त्यांनी परवानगी मागितली नाही.

"अध्यक्ष भावजी, तुमच्या घरात एका नावाच्या दोन सुना आल्या, तर एकीला 'दोन नंबर' म्हनून हाक माराल काय?"

"वहिनी, हे घर नाही, हे कॉम्प्युटरचं काम आहे. त्याला दोन सारखी नावं चालत नाहीत."

"त्याला चालत न्हाय म्हनून आमी देवीचं नाव टाकायचं? मानसं त्याच्यासाठी हायेत, का ते मानसांसाठी?" मग माझ्याकडे वळून, "बाय, तू बोल. चालत न्हाय?"

चालतं, असं मी सांगितलं. नाव बदलण्याची गरज नाही. चावी बदलायची. क्रमांक ही चावी. नाव आत, तांडेलाच्या नावाशेजारी. एका नावाच्या दोन काय, दहा बोटी असल्या तरी दहाही राहतात. ठराव झाला तरी ती अट मी प्रोग्राममध्ये घालणार नाही, असंही सांगितलं. घालायची असेल तर सोसायटीने दुसरं माणूस बघावं.

"तुम्ही सोसायटीचं काम करता, मॅडम."

"करते. म्हणूनच नाही म्हणते आहे."

"मग ते बंद करा आणि रजिस्टर काढा," मागच्या ओळीतले एक म्हातारे तांडेल म्हणाले. त्यांना बऱ्याच जणांनी दुजोरा दिला. हा मुद्दा मी पुढेही अनेकदा ऐकला : संगणक आल्यामुळे हे झालं. मला तो मान्य नाही. त्याच कपाटातल्या जुन्या रजिस्टरात पावसाने पुसलेली पानं आहेत आणि एका वर्षी चुकून दोनदा खूण झालेली बोट आहे. चूक कागदावरही होते. फरक इतकाच, की कागदावर दामूभाऊंनी 'थोरली' लिहिलं होतं आणि तो शब्द मी विचारला नव्हता. ज्याला ते माहीत आहे त्याला विचारणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि तो भाग कुठल्याही यंत्राकडे ढकलता येत नाही. मी तसं बैठकीत म्हणाले. म्हाताऱ्या तांडेलांना ते पटलं नाही. त्यांनी तसं सांगितलंही.

ठराव मताला टाकला गेला नाही. इतिवृत्तात 'विषय तहकूब' अशी नोंद आहे.

मी दुसऱ्या दिवशीच प्रोग्राम बदलला. आता चावी नोंदणी क्रमांक. फोनवर नावच सांगितलं जातं, त्याला इलाज नाही. म्हणून दुसरी डिक्शनरी केली, जिच्यात चावी नाव आणि आत त्या नावाच्या सगळ्या बोटींचा सेट. 'जलराणी' टाइप केलं की दोन बोटी समोर येतात आणि कुठली ते विचारलं जातं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकच क्रमांक दोनदा आला तर प्रोग्राम थांबतो. रजिस्टर पुन्हा सुरू केलं आहे आणि दोन्हींच्या संख्या जुळल्याशिवाय पट्टी हिरवी होत नाही. पट्टीवरचे शब्दही मी बदलले. आता तिथे येतं : 'नोंद झालेल्या बोटींपैकी परत न आलेल्या : शून्य.'

"हे भोंग्यावर वाचायला कोर्टाच्या निकालासारखं लागतं," दामूभाऊ म्हणाले.

"यादीला तेवढंच ठाऊक आहे. तेवढंच वाचा."

त्यांनी तक्रार करत करत ते पाठ केलं.

अध्यक्षांनी हिवाळ्यात मला दोनदा फोन केला. तहकूब विषय पुढच्या बैठकीत घेऊ, तोवर 'जलराणी-दोन' नुसतं संगणकात तरी दाखवा, बोटीवर रंगवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी दामूभाऊंकडून विचारलं. दामूभाऊंनी मला न विचारताच नाही सांगितलं. पुढच्या दोन्ही बैठकांत विषय पत्रिकेवर होता आणि दोन्ही वेळा चर्चेला आला नाही.

दोघे भाऊ अजून बोलत नाहीत.

या वर्षी पावसाळ्याची मासेमारीबंदी उठल्यावर दोन्ही बोटींना नवा रंग दिला गेला. नोंद घेताना कुणी हरकत घेतली नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी हिराजींची बोट जेट्टीवरून सुटली आणि सात वीसला पद्माकरची. दोन्हींवर 'जलराणी' एवढंच रंगवलेलं आहे. ठराव तहकूब आहे.